थंड दिव्यांचा आदर्श कारखाना

जोह्याच्या अलीकडे, हमरापूरचा रस्ता सोडून आत वळलं की एक वाडी लागते. तिचं नाव सांगत नाही. भाद्रपदात मलाही तिथूनच मूर्ती आणायची असते, आणि मूर्तिकाराशी वाकडं घेतलेल्या माणसाच्या गणपतीची सोंड कुठल्या बाजूला वळेल याचा भरवसा नसतो.

वाडीत घरं थोडी आणि गणपतीचे कारखाने जास्त. खरं म्हणजे घर आणि कारखाना एकच. पडवीत साचे, ओटीवर शाडूच्या मातीचा ढीग, माजघरात फळ्यांवर गणपती, आणि माणसं उरलेल्या जागेत. हिरामण पाटलाचा कारखाना त्यातला जुना. हिरामणच्या हाताला गुण आहे हे त्याचे वैरीही कबूल करत. देवाने डोक्याचा वाटाही हातातच घातला, असंही तेच म्हणत.

या धंद्याची सगळी मेख एका गोष्टीत आहे. पावसाळ्यात शाडू वाळत नाही. ओला शाडू म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. बसला की बसला, हलायचं नाव नाही. शेगडी ठेवावी तर मूर्तीला एका अंगाने तडा जातो आणि दुसऱ्या अंगावर काजळी धरते. म्हणून वाडीतल्या प्रत्येक कारखान्यात मागच्या बाजूला एक बंद खोली असे. खिडक्यांना गोणपाट, भिंतीला फळ्यांचे थर, आणि प्रत्येक फळीखाली ओळीने टांगलेले मोठे पिवळे बल्ब. ज्येष्ठापासून ते दिवसरात्र जळत. बाहेर आषाढ कोसळत असला तरी आत वैशाख. मूर्ती सगळ्या बाजूंनी सारखी, सावकाश वाळे. वाळली की बोटाच्या पेराने बुडाशी टकटक करायची. मडक्यासारखी वाजली तर रंगाला घ्यायची, धप्प वाजली तर परत खोलीत.

आता हे सगळं चालायचं घरगुती मीटरवर. मूर्ती वाळवायला वीज लागते असं कुणी वरच्या माणसाला सांगितलं असतं, तर मीटर धंद्याचा झाला असता आणि मागची वसुली निघाली असती. म्हणून कुणी सरकारी चपलेचा माणूस वाडीत आला, की एक ठरलेलं वाक्य घरोघर तयार असे. "रातचं काम असतंय, साहेब." बाप मुलाला माती मळायला शिकवण्याआधी हे वाक्य शिकवत असे. म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की म्हणणाऱ्यालाही खरं वाटायचं.

अठ्ठ्याण्णव साली गणपती लवकर आले, ऑगस्ट संपायच्या आतच. म्हणजे वाळवणीचा सगळा काळ भर पावसात. आणि नेमक्या त्याच साली वाडीत सुशील चौबळ आले.

चौबळ रोह्याचे. रोह्यात खताच्या दुकानाच्या माडीवर एक ऊर्जा-बचत प्रसार केंद्र उघडलं होतं, त्याचे ते अधिकारी. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'विकसनशील देशांत ऊर्जा-कार्यक्षम तंत्रज्ञानाचा प्रसार'. पैसा कुठल्यातरी थंड देशातून येत असे. माडीवर दोन ट्यूबलाइट दिवसाढवळ्या जळत, कारण त्यांचं बटण फाइलींच्या कपाटामागे गेलं होतं आणि कपाट सरकवायला शिपाई तयार नव्हता. फ्रिजचं दार सुतळीने बांधलेलं असे. अशा ठिकाणाहून देशाची वीज वाचणार होती.

चौबळांना वर्षभरात एक यशस्वी प्रयोग दाखवायचा होता. गणपतीचे कारखाने त्यांना पसंत पडले. धर्म आहे, कला आहे, फोटो चांगले येतात, आणि बल्ब भरपूर. वाडीत शिरल्यावर पहिलं घर हिरामणचं, म्हणून पाहणीही तिथूनच सुरू झाली. ती मागच्या खोलीच्या दारात संपली, कारण आत पाऊल टाकताच चौबळांच्या चष्म्यावर वाफ धरली.

"पाटील, एका खोलीत इतके दिवे कशाला?"

"रातचं काम असतंय, साहेब."

"आणि इतके खाली? गुडघ्याशी?"

"आम्ही बसून काम करतो."

चौबळांनी चष्मा पुसला, मान पुसली, शर्टाचं वरचं बटण काढलं. चौबळ विज्ञानाचे पदवीधर. पिवळ्या बल्बात जाणाऱ्या विजेचं काय होतं यावर ते तालुक्याच्या गावी भाषणं देत. "फार उकडतं हो इथे," ते म्हणाले. आणि लगेच, घाम टिपता टिपता, भाषणातलं वाक्य म्हणाले, "तुम्हाला कल्पना नसेल पाटील, पण या बल्बातली नव्वद टक्के वीज नुसती उष्णता होऊन वाया जाते."

हिरामणने त्या उष्णतेत सुकत बसलेल्या आपल्या गणपतींकडे पाहिलं. "व्हय, साहेब," तो म्हणाला. "जाम वाया जाते."

एकाला विचारायचं भान नव्हतं, दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती.

केंद्राची योजना अशी. पिवळे बल्ब काढून त्या जागी परदेशी बनावटीचे वेटोळ्याच्या नळीचे पांढरे दिवे फुकट बसवायचे. दर आठवड्याला चौबळ स्वतः येऊन मीटर वाचणार. वापर उतरला की दारावर 'आदर्श ऊर्जा-बचत कारखाना' अशी पितळी पाटी. हिरामणने हो म्हणायला वेळ घेतला नाही. फुकट ही एक गोष्ट होतीच. पण खरी गोष्ट अशी, की शेजारचा काळुराम त्या वेळी कुंपणापलीकडे माती तुडवत उभा होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रात्री बायकोने, सरूने, त्याला टोकलंच. "अवो, त्या नव्या दिव्यांनी गणपती वाळतील का?"

"तुला काय कळतंय गो. एका दिव्याच्या पैशात खोलीभर बल्ब येतात. एवढा महागाचा दिवा. पिवळ्यापेक्षा जास्तच तापल."

हा हिरामणचा हिशेब. वाडीत याला कुणी चूक म्हटलं नसतं. महाग शाडू जास्त चांगला, महाग रंग जास्त टिकतो, महाग डॉक्टर जास्त दिवस गोळ्या देतो. मग महागाचा दिवाच तेवढा थंड कसा निघेल?

थंड निघाला. दिवे बसले त्या दिवशी पिवळे बल्ब अंगणात ढिगाने ओतून फोडण्यात आले. तसा नियमच होता, म्हणजे ते परत वापरात येऊ नयेत. फोटोवाल्याचा पहिला फोटो हलला म्हणून चौबळांनी उरलेले थोडे बल्ब पुन्हा सावकाश फोडले. काचा सरूने झाडल्या. संध्याकाळी तिने मागच्या खोलीत जाऊन एका दिव्याला हात लावला.

"काय झालं?" हिरामणने दारातून विचारलं.

"हात लावून बघा."

त्याने लावला. आणखी एकाला लावला. मग सगळ्या ओळीला लावत गेला, जणू एखादा तरी सज्जन निघेल. एकही तापला नव्हता. खोलीभर दुधासारखा पांढरा उजेड पसरला होता आणि त्या उजेडात गणपती गारठून बसले होते.

"तापायला येळ लागत असल," हिरामण म्हणाला.

आठवडा झाला. दिवे तापले नाहीत. मीटर मात्र जागच्या जागी झोपला. चौबळ आले, मीटरपुढे उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर देव पाहिल्याचा भाव आला. खोलीत ते गेले नाहीत, गरज नव्हती. सरूने तेवढ्यात दोन दिवे मागून घेतले. एक चुलीवर लावला आणि एक माहेरी पाठवला. थंड असो, उजेड चांगला होता. मिरच्यांतली बुरशी दिसायची. बुरशी नुसती मिरच्यांतच नव्हती. मागच्या खोलीतल्या एका मूर्तीच्या सोंडेवर आणि बऱ्याच मूर्तींच्या पोटावर बारीक पांढरी लव आली होती.

अशा वेळी पेणहून हैबतराव आले. हैबतराव मूर्तींचे मोठे व्यापारी. हिरामणचा सगळा माल वर्षानुवर्षं तेच उचलत आणि मुंबईला पाठवत. हिरामणचा कारखाना म्हणजे हैबतरावांनी आगाऊ केलेली नोंद. ती गेली तर हिरामणने मूर्ती रस्त्यावर मांडून विकायच्या किंवा काळुरामकडे रोजाने माती मळायची. तिसरी वाट नव्हती.

हैबतरावांनी एक मूर्ती उचलली, उलटी केली, बुडाशी बोटाच्या पेराने ठोकली. धप्प. दुसरी उचलली. धप्प. तिसरीला त्यांनी अंगठा लावला तर अंगठ्याची छाप बसली.

"हिरामण, हे गणपती हायत का गोळे?"

"वाळतायत, शेठ."

"कशानं? तुझ्या आशेनं?" हैबतरावांनी अंगठा धोतराला पुसला. "गेल्या साली तुझ्या एका मूर्तीचा पीतांबर भर आरतीत सुटला. गिरगावातली बाई मला फोन करून विचारते, हा देव की आखाड्यातला पैलवान. मी गप ऐकून घेतलं. या साली एक जरी ओली निघाली तर माझी नोंद काळुरामाच्या दारी. मंग तुझी ती पितळी पाटी विकून खा."

पाटी अजून लागायची होती, पण तिची बातमी पेणपर्यंत गेली होती. कुंपणापलीकडून काळुरामने हे चोरून ऐकलं असं नाही म्हणता येणार. त्याने माती तुडवायचीच थांबवली होती.

"काय रं हिरामण," हैबतराव गेल्यावर तो म्हणाला, "आदर्श मूर्ती मुंबईला कशी न्यायची? बादलीतून?"

"तुझ्या दारात कुणी पाटी लावाय आला नाय म्हणून जळतंस."

"जळतंय ना. माझ्याकडं बल्ब हायत, जळणारच."

दुसऱ्या दिवशी हिरामण रोह्याच्या एसटीत बसला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं होतं आणि गाडी पुलाच्या अलीकडे खोळंबली. बरं झालं. खरं न सांगता बल्ब परत कसे मागायचे याचा विचार करायला त्याला तेवढा वेळ मिळाला. त्यातून जे निघालं ते त्याने माडीवर चौबळांपुढे मांडलं.

"साहेब, जुन्यासारखे पिवळे बल्ब बसवू का परत?"

"का? नवे बिघडले?"

"नाय नाय. चांगले हायत. जाम चांगले."

"मग?"

"उजेड जास्त होतो."

चौबळांनी पेन खाली ठेवलं. "जास्त उजेडाचा तोटा काय आहे, पाटील?"

"मूर्तीतले दोष दिसतात."

चौबळ हसले नाहीत. ते आतून खचले होते. पुढच्या आठवड्यात थंड देशातल्या बाई पाहणीला येणार होत्या आणि त्यांना मीटर आवडला तर मनिलाच्या परिषदेत चौबळांचं भाषण होतं. तिकीट, मुक्काम, सगळं. पासपोर्ट येऊनही पडला होता. आणि समोर हा माणूस उजेडाची तक्रार घेऊन बसला होता.

"खरं सांगा, काय झालंय?"

हिरामणने जिन्याकडे पाहिलं, वर जळणाऱ्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. शेवटी हैबतरावांचा अंगठा डोळ्यांपुढे आला आणि पिढीजात वाक्य पहिल्यांदाच त्याच्या कामी आलं नाही. "साहेब, रातचं काम नसतंय. त्या बल्बांनी आम्ही मूर्ती वाळवतो."

"वाळवता?" चौबळ म्हणाले. "म्हणजे उष्णतेसाठी?"

"तुम्हीच बोललात ना, नव्वद टक्के."

"पण तुम्ही मला रात्रीचं काम सांगितलंत."

"रातचेच जास्त वाळतात."

चौबळ उठून खिडकीशी गेले. खाली दुकानात खताची पोती उतरत होती. विज्ञानाच्या पदवीधराने वाळवणीच्या खोलीत घाम पुसत उभं राहून हे ओळखलं नव्हतं, ही गोष्ट मनिलाला सांगण्याजोगी नव्हती. रोह्यातसुद्धा नव्हती. ते वळले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता, फार सभ्य झाला होता.

"पाटील, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

"आत्ताच बोललो की."

"नाही. तुम्ही आलात, दिव्यांचे आभार मानलेत आणि गेलात." चौबळांनी एकेक शब्द सावकाश टाकला. "मला मीटर दिसतो. मीटर असाच राहिला पाहिजे. आता तुम्ही देवाला ऊब कुठून देता, कशी देता, हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. केंद्र श्रद्धेत पडत नाही."

हिरामणला हे कळायला परतीचा नागोठण्याचा पूल लागला. कळलं तेव्हा तो एसटीतच हसला. मीटरवर दिसायला नको, याचा अर्थ वाडीत एकच होतो. त्याला आकडा म्हणतात. लांब तारेचं टोक वाकवायचं, काठीने उचलून रस्त्यावरच्या विजेच्या तारेवर टाकायचं, दुसरं टोक थेट घरात. मीटरला पत्ता नसतो. लग्नाच्या मांडवाला वाडी असंच करी. कारखान्याला करायची मात्र कुणाला छाती झाली नव्हती, कारण कारखाना रोज चालतो आणि मांडव एक दिवस. आता साहेबांनीच श्रद्धा म्हटल्यावर प्रश्न मिटला.

पेणहून हिरामणने नवे पिवळे बल्ब आणले, पहिल्यापेक्षा मोठे. मीटरचा धाक नव्हता, मग काटकसर कुणासाठी? दिवे लागायच्या वेळेला आकडा पडला आणि मागच्या खोलीत पुन्हा वैशाख सुरू झाला. वर पांढरे दिवे पाहुण्यांसाठी, खाली पिवळे देवासाठी. मूर्तीवरची लव गळून पडली. पाचव्या दिवशी पहिली मूर्ती मडक्यासारखी वाजली आणि हिरामणने ती कुंपणापाशी नेऊन पुन्हा पुन्हा वाजवली.

बाई आल्या त्या सकाळी पिवळे बल्ब काढून भाताच्या कणगीत लपवले होते. बाई उंच, लाल, हसऱ्या. चौबळांनी टाय लावला होता. सगळे मीटरपुढे उभे राहिले, मीटरचे फोटो निघाले. मीटरच्या कपाळाला सरूने कुंकू लावलं, कारण फोटो काढतात तिथे कुंकू लागतं. मग बाई मागच्या खोलीत शिरल्या आणि थबकल्या. बल्ब काढले होते, ऊब कणगीत लपवता आली नव्हती. बाईंनी भिंतीला हात लावला. मग पांढऱ्या दिव्याला लावला. मग पुन्हा भिंतीला. ज्या देशात सहा महिने बर्फ पडतं तिथल्या माणसाला उबेची पारख असते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, की दिवे तर थंड आहेत, मग खोली एवढी गरम कशी.

"कोकण, मॅडम," चौबळ म्हणाले.

बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि बाईंचा ओला रेनकोट अजून गळत होता. बाईंनी चौबळांकडे पाहिलं, हिरामणकडे पाहिलं, सरूकडे पाहिलं. सरूने हात जोडले. बाईंना पुढे आणखी तीन जिल्हे करायचे होते आणि तिकडचे मीटर याच्या निम्मेही झोपले नव्हते. त्यांनी मान डोलावली. एक मूर्ती उचलून पाहिली, हलकी आणि कोरडीठाक. चौबळांनी संधी सोडली नाही. म्हणाले, या दिव्यांखाली मूर्ती वाळतातही उत्तम, कारागीर फार समाधानी आहेत. बाईंनी तेही लिहून घेतलं.

पितळी पाटी त्याच दिवशी लागली. त्यामागोमाग केंद्राचा निर्णय आला, की दिवे वाळवणीलाही उपयोगी आहेत, तेव्हा वाडीतल्या सगळ्या कारखान्यांना देण्यात यावेत. ज्यांनी आठवडाभर बादलीवरून विनोद केले तेच रांगेत उभे राहिले. सगळ्यांत पुढे काळुराम.

"तुला तर बल्ब होते ना जळणारे?" हिरामणने विचारलं.

"दिवे नकोत मला," काळुराम म्हणाला. "पाटी लागली की आकड्याला कुणी विचारत नाय, एवढं बघितलं मी. साहेब मीटर बघतो, तार बघत नाय. तू केलंस ते श्रद्धा आणि मी केलं तर चोरी?"

हिरामण फडकं घेऊन आपली पाटी पुसायला लागला. आठ दिवसांत वाडी आदर्श झाली. दारोदार पितळी पाट्या, घरोघर झोपलेले मीटर, आणि रस्त्यावरच्या तारेला आकडे असे लोंबत की पारंब्या फुटल्यासारखी ती दिसे. फुकटच्या विजेने हात मोकळे झाले. कुणी खोलीत बल्ब दुप्पट केले, कुणी अंघोळीचं पाणी तापवायला तारेचं कॉइल टाकलं. काळुरामने म्हशीच्या गोठ्यात दोन मोठे बल्ब लावले, कारण म्हशीला सर्दी होती.

वाडीच्या तोंडाशी विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, होती. घरं धरून बसवलेली, आदर्श कारखाने धरून नव्हे. गणपतीला बारा-तेरा दिवस राहिले असताना भर दुपारी तिच्यातून मोठा आवाज झाला, निळा धूर आला आणि सगळ्या खोल्या एकदम थंड पडल्या.

आता डीपी जळाली तर माणूस काय करतो? पेणला जाऊन तक्रार देतो. वाडीतला एकही माणूस गेला नाही. तक्रार द्यायची तर लोक बघायला येणार, बघायला आले तर आकडे दिसणार. मग आधी आकडे काढायचे ठरलं. पण पहिला आकडा कुणी काढायचा? ज्याने काढला तो उद्या वीज आल्यावर मागे राहणार. बैठक झाली. बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्याच्या आकड्याची लांबी सांगितली. सरू कडेला उभी होती. ती म्हणाली, "अवो, सगळे मिळून काढा की." यावर सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती घरात निघून गेली. आकडे निघून तक्रार जाईपर्यंत चार दिवस गेले, आणि नवी डीपी गणपतीनंतर येईल असं उत्तर आलं.

मधल्या अंधारात चौबळ मीटर वाचायला आले होते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी एकेक मीटर पाहिला. काही हलत नव्हतं. एकाही घरी एक आकडासुद्धा पुढे सरकला नव्हता. अख्ख्या वाडीचा वीजवापर मागच्या वर्षाच्या मानाने जवळजवळ शून्य. दिवे का लागलेले नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची सवय त्यांनी रोह्याच्या खिडकीशीच सोडली होती. मनिलाच्या भाषणात या वाडीचा आलेख होता, आणि तो पाहून टाळ्या पडल्या असं ऐकतो.

वाडीत टाळ्या पडत नव्हत्या. खोल्यांचे गोणपाट ओले होऊन लोंबत होते. गोवऱ्यांच्या शेगड्या लावून पाहिल्या, काजळी धरली. पंखे हलत नव्हते. हिरामणच्या निम्म्या मूर्ती आकड्याच्या दिवसांत वाळल्या होत्या, उरलेल्या निम्म्या वरून कोरड्या आणि आत लोण्यासारख्या. त्याने सगळ्यांना पांढरा हात दिला आणि वर रंग चढवला. रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्याला कळतं आणि हैबतरावांच्या बोटाला.

हैबतराव ट्रक घेऊन आले तेव्हा हिरामण अंगणात उभा होता. त्यांनी पहिली मूर्ती उचलली. टणक वाजली. दुसरी, टणक. हिरामणने कोरड्या मूर्ती पुढे मांडल्या होत्या. हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, सरळ मागच्या रांगेत गेले आणि एक उचलली. धप्प.

मूर्ती खाली ठेवून ते कुंपण ओलांडून काळुरामच्या अंगणात गेले. हिरामण ओटीच्या पायरीवर बसला. पलीकडून आवाज येत होता. धप्प. धप्प. धप्प. आधी वाळलेल्या मूर्ती काळुरामने आणि बाकीच्यांनी आपापल्या व्यापाऱ्यांना केव्हाच दिल्या होत्या; उरल्या त्या जुने बल्ब फुटल्यानंतरच्या, आणि उशिरा पडलेल्या आकड्यांमुळे त्यांनी वैशाख जेमतेम पाहिला होता. हैबतराव तिथून तिसऱ्या घरी गेले, चौथ्या घरी गेले. सगळ्या वाडीतून तोच आवाज येत राहिला, जणू कुणी दारोदार उशा झोडत चाललं आहे. जोह्यात कोरडे गणपती होते, पण ते ज्येष्ठातच दुसऱ्या व्यापाऱ्यांनी बोलून ठेवलेले. ट्रक भाड्याचा होता, मुंबईची गिऱ्हाइकं वाट बघत होती, आणि देव काही महिनाभर पुढे ढकलता येत नव्हता.

हैबतराव परत आले तेव्हा त्यांचं बोट लाल झालं होतं. ते हिरामणशेजारी पायरीवरच बसले.

"सगळी वाडी ओली," ते म्हणाले.

"डीपी गेली ना, शेठ."

"कशानं गेली?"

"लोकांनी आकडे टाकले." हिरामणने खेदाने मान हलवली. "कुणाला काय सांगायचं."

हैबतरावांनी दारावरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. "निम्म्या तरी कोरड्या हायत तुझ्या," ते शेवटी म्हणाले. "त्या काळुरामाकडं तर हात घालवत नाय. भर सगळ्या. कोरड्या दादरला जातील, ओल्या लांबच्या गावांना. तिथून ओरडा यायला येळ लागतो."

हिरामण उठला. ज्या नोंदीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, ती त्याच्या दारातून कुठेही गेली नव्हती. सगळ्यांची बुडाली म्हणून त्याची तरली. काळुराम कुंपणापाशी येऊन उभा राहिला होता, पण आज त्याच्याकडे विनोद नव्हता.

"शेठ, पुढल्या साली पण आमच्याकडंच ना?" हिरामणने विचारलं.

"पुढल्या सालाचं पुढल्या साली. आधी या पोचू देत." हैबतरावांनी एका ओल्या मूर्तीला पेंढ्यात नीट टेकवलं. "दीड दिवस टिकल्या म्हणजे झालं. नायतरी शेवटी पाण्यातच सोडायच्या हायत."

सरू पेंढ्याचा भारा घेऊन मागे उभी होती. "तेच तर," ती म्हणाली. "आम्ही थोडं पाणी आधीच घालून दिलंय."